780 ग्रॅमचं बाळ आणि पीडीएचं ऑपरेशन: एनआयसीयूत की थिएटरमध्ये?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काही चुकीचं समजले असेन तर तुमच्या लक्षात येईल. तुमच्या बहिणीला 26व्या आठवड्यात बाळ झालं, जन्माचं वजन 780 ग्रॅम. आज ते 23 दिवसांचं आहे, वजन 900 ग्रॅमच्या आसपास, आणि ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर आहे. औषधाचे दोन कोर्स देऊनही पीडीए, म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी अशी हृदयाजवळची रक्ताची नळी, बंद झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, आता ऑपरेशन करावं लागेल, आणि ते एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच), बाळाच्या वॉर्मरवरच, म्हणजे ऊब देणाऱ्या पलंगावरच करू. छाती उघडायची आणि तीही थिएटर सोडून वॉर्डात, हे तुमच्या मेहुण्यांना पटत नाही. बाळाला मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं का, असा तुमचा प्रश्न.

मी लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची भूलतज्ज्ञ आहे. गेली 24 वर्षं मुंबईत हेच काम करतेय. ऑपरेशन चालू असताना सर्जनची नजर छातीतल्या त्या छोट्याशा जागेवर असते. बाकीचं सगळं बाळ माझ्याकडे असतं. बाळाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्याचा श्वास माझ्या हातात असतो. त्यामुळे ‘कुठे करायचं’ हा प्रश्न मला रोज पडतो.

माझं उत्तर असं: फक्त पीडीए बांधायचा, म्हणजे ऑपरेशनने ती नळी बंद करायची असेल, तर तो एनआयसीयूत बांधणं ही तडजोड नाही. इतक्या लहान बाळासाठी बहुतेक वेळा तीच जास्त सुरक्षित जागा असते. पण ‘एनआयसीयूत करू’ म्हणणाऱ्यांकडे त्यासाठी लागणारी माणसं आहेत का, आणि ऑपरेशननंतरची रात्र कोण सांभाळणार, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका. मी बाळ पाहिलेलं नाही, त्याचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहिलेला नाही. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडावं एवढ्यासाठी लिहितेय.

पीडीए म्हणजे काय ते थोडक्यात. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नसतात. फुप्फुसांकडे निघालेलं रक्त एका आखूड नळीतून थेट महाधमनीत वळवलं जातं. जन्मानंतर रक्तात ऑक्सिजन वाढतो, वार सुटल्यावर ही नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन कमी होतं, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी दोन-तीन दिवसांत मिटते. 26 आठवड्यांच्या बाळात ती मिटायला तयारच झालेली नसते. मग प्रवाह उलटा होतो. महाधमनीतलं रक्त फुप्फुसांत घुसतं, फुप्फुसं ओली आणि जड होतात, व्हेंटिलेटर सुटत नाही. तिकडे आतडी आणि मूत्रपिंडं यांना रक्त कमी पडतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती जागेच्या प्रश्नाच्या आधीची आहे. प्रत्येक उघडा पीडीए बंद करावाच लागतो असं नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही आजच्यापेक्षा खूप जास्त पीडीए बांधत होतो. नंतर लक्षात आलं की कितीतरी पीडीए वजन वाढता वाढता आपोआप मिटतात. 2023मध्ये आलेल्या बेनेडक्टस या अभ्यासात, नळी मिटवण्यासाठी लवकर आयब्युप्रोफेन हे औषध देण्यापेक्षा वाट पाहणं वाईट ठरलं नाही. 2024च्या बेबी-ऑस्कर अभ्यासातही लवकर औषध दिल्याने मृत्यू किंवा फुप्फुसांचा जुना आजार कमी झाला नाही. हे दोन्ही अभ्यास लवकर औषध देण्याबद्दलचे आहेत, तुमच्या भाच्यासारख्या तीन आठवडे व्हेंटिलेटरवर अडकलेल्या बाळाबद्दलचे नाहीत. तरीही त्यांच्यामुळे एक प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला मिळतो: ‘डॉक्टर, हे बाळ व्हेंटिलेटरवर पीडीएमुळेच अडकलंय, हे कशावरून?’ नळी किती रुंद आहे, हृदयाची डावी बाजू फुगली आहे का, पोटाकडे जाणारं रक्त मागे ओढलं जातंय का, हे इकोत दिसतं. याचं उत्तर स्पष्ट मिळालं, तरच पुढचा विचार करायचा.

आता हलवण्याबद्दल. लोकांना वाटतं, एनआयसीयू तिसऱ्या मजल्यावर, थिएटर पाचव्या मजल्यावर, त्यात काय एवढं? 900 ग्रॅमच्या बाळासाठी ते दोन मजले म्हणजे मोठा प्रवास असतो. श्वासनळीत घातलेली ट्यूब नीट जागेवर असायला जेमतेम एक सेंटिमीटरची मोकळीक असते. मान वर झाली की ट्यूब वर सरकते, हनुवटी खाली आली की आत जाते. अंगात शिरलेल्या दोन-तीन लाईन्स, म्हणजे रक्तवाहिन्यांतल्या बारीक नळ्या, त्यातली एक हृदयाजवळ पोचलेली. त्यांच्यावर चालू असलेले पंप. हे सगळं वॉर्मरवरून उचलून ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, व्हेंटिलेटर बदलायचा, लिफ्टमध्ये शिरायचं, थिएटरच्या टेबलावर पुन्हा काढायचं, पुन्हा व्हेंटिलेटर बदलायचा. ऑपरेशन झालं की हाच प्रवास उलटा, आणि तोही बाळ सगळ्यात नाजूक अवस्थेत असताना. बाळ हाय फ्रीक्वेन्सी व्हेंटिलेटरवर (अगदी छोटे, अतिजलद श्वास देणाऱ्या यंत्रावर) असेल तर तो घेऊन सहसा फिरता येत नाही. साध्या व्हेंटिलेटरवर आणावं लागतं, आणि काही बाळांना तेवढंही झेपत नाही.

15-16 वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा ज्या हॉस्पिटलात जात होते, तिथे पीडीए फक्त थिएटरमध्येच बांधायचा असा नियम होता. बाळ 840 ग्रॅमचं. लिफ्ट आमच्यासाठी राखून ठेवायला सांगितली होती, पण ती मधल्याच मजल्यावर थांबली, दार उघडलं, जेवणाचे डबे घेतलेली दोन माणसं आत आली. त्यांचा काही दोष नव्हता. बाहेर पडताना इन्क्युबेटरचं चाक लिफ्टच्या फटीत अडकलं, हिसका बसला आणि ट्यूब निघाली. कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकलेल्या ट्रॉलीवर, मी मास्कने श्वास देत होते आणि सिस्टर टॉर्च धरून उभी होती. ट्यूब परत गेली. थिएटरमध्ये पोचलो तेव्हा बाळाचं तापमान 34.9 होतं, ते 36.5च्या वर असायला हवं. प्रत्यक्ष ऑपरेशन 22 मिनिटांत झालं. जाण्या-येण्यात दीड तास गेला. बाळ वाचलं, पण त्या दीड तासात त्याने जे सोसलं त्यातलं काहीच ऑपरेशनसाठी गरजेचं नव्हतं. त्यानंतर मी त्या नियमाविरुद्ध बोलत राहिले आणि वर्षभराने तो बदलला.

तापमानाचा मुद्दा वरवरचा वाटेल, पण इतक्या लहान बाळाची कातडी इतकी पातळ असते की अंगातलं पाणी आणि ऊब तिच्यातून सतत निसटत राहते. थिएटर थंड असतं, कारण दिव्यांखाली गाऊन घालून उभ्या राहणाऱ्यांना ते तसं लागतं. एसी बंद करून खोली तापवता येते, आम्ही तापवतोही, पण वॉर्मरवर आधीच उबेत असलेलं बाळ हलवलंच नाही तर ती ऊब मोडतच नाही. दुसरा मुद्दा मेंदूचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या काही रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. रक्तस्रावाचा सर्वात मोठा धोका पहिल्या तीन दिवसांत असतो, तुमचं बाळ त्यापुढे गेलंय, ही चांगली गोष्ट. तरी रक्तदाब आणि कार्बन डायऑक्साइड यांची अचानक वर-खाली त्याला अजूनही नकोच. आणि तिसरा मुद्दा रक्ताचा. या वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, एका कटिंग चहाएवढं. त्यातलं 10 मिलिलिटर गेलं तर ते त्याच्यासाठी मोठं नुकसान असतं. म्हणून त्याच्यासाठी जुळवलेलं रक्त ऑपरेशनच्या आधी खोलीत हजर हवं; ‘लागलं तर मागवू’ हे चालत नाही.

एनआयसीयूत ऑपरेशन होतं तेव्हा तिथे काय असतं, हे मेहुण्यांना सांगा, म्हणजे डोळ्यासमोर वॉर्ड येणार नाही. बाळाच्या भोवतीची जागा मोकळी करून पडदे लावले जातात. त्या वेळात कुणी ये-जा करत नाही. सर्जन, त्यांचा सहायक, थिएटरची सिस्टर, सगळे थिएटरसारखेच निर्जंतुक गाऊनमध्ये. उपकरणांचा ट्रे, रक्तस्राव थांबवणारी कॉटरी, सक्शन थिएटरमधून येतं. सर्जनच्या डोक्याला दिवा आणि डोळ्यांवर भिंग असतं. व्हेंटिलेटर बाळाचा नेहमीचाच. त्याच्या सवयी जाणणारी सिस्टरही नेहमीचीच. माझ्या दृष्टीने ही फार मोठी जमेची बाजू आहे.

एनआयसीयूत भुलीचा वायू देण्याचं यंत्र नसतं, म्हणून भूल शिरेतून देतो: वेदना थांबवणारं फेंटॅनिल, आणि हालचाल थांबवण्यासाठी रोक्युरोनियमसारखं औषध. ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ हे कुणाच्याही तोंडून आलं तर ऐकून घेऊ नका. एके काळी अशा बाळांना नुसतं स्थिर करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड देऊन पीडीए बांधत असत. इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी 1987मध्ये दाखवून दिलं की फेंटॅनिल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी असतो आणि ती ऑपरेशननंतर जास्त चांगली राहतात. तो अभ्यास पीडीए बांधलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच झाला होता. एनआयसीयूत ऑपरेशन म्हणजे भूल कमी, असं नसतं. तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न थेट विचारा: भूल कोण देणार, आणि ते डॉक्टर पूर्ण वेळ बाळापाशी असणार का?

डाव्या बाजूला, बगलेखाली, दोन बरगड्यांमधून छोटा छेद घेतात. फुप्फुस अलगद बाजूला करतात आणि ती नळी शोधतात. इथे अनुभव लागतो, कारण या वयात पीडीए कधी कधी महाधमनीएवढाच जाड असतो. चुकून महाधमनी किंवा डाव्या फुप्फुसाची धमनी बांधली गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. म्हणून क्लिप लावण्याआधी सर्जन ती नळी क्षणभर दाबून धरतात आणि माझ्याकडे पाहतात. मी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा एक सॅच्युरेशनचा प्रोब उजव्या हाताला आणि दुसरा पायाला लावलेला असतो. मॉनिटरवरची पायाची लाट नाहीशी झाली तर हात थांबवायचा. ती टिकून राहिली आणि रक्तदाबाचा खालचा आकडा वर चढला तर नळी बरोबर सापडली. माझ्या कामातला हा सगळ्यात शांत क्षण असतो. खोलीत फक्त मॉनिटरचा आवाज येतो.

दोन गोष्टींची आगाऊ कल्पना असू द्या. पीडीएला वळसा घालून स्वरयंत्राकडे जाणारी एक नस असते, तिला इजा झाली तर बाळाचा आवाज घोगरा येतो आणि दूध गिळायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नळी बंद झाली की हृदयाच्या डाव्या बाजूला अचानक पूर्वीपेक्षा जास्त दाबाविरुद्ध काम करावं लागतं. साधारण 6 ते 12 तासांनी काही बाळांचा रक्तदाब ढासळतो आणि ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे ऑपरेशन दुपारी झालं, सर्जन समाधानाने घरी गेले, आणि खरी कसोटी रात्री दहानंतर सुरू झाली. त्या वेळी नवजातशिशुतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर हवेत, रात्री इको करू शकणारं कुणीतरी हवं, हृदयाला मदत करणारी मिलरिनोनसारखी औषधं हाताशी हवीत. बाळाला कुठे ठेवायचं हे ठरवताना मी थिएटरपेक्षा या रात्रीचा विचार आधी करेन.

मग एनआयसीयूत कधी करू नये? आपल्याकडे ठाण्यापासून विरारपर्यंत कितीतरी एनआयसीयू इमारतीच्या एका मजल्यावर, दोन वॉर्मरमध्ये जेमतेम हातभर अंतर ठेवून चालतात. तिथे काम करणाऱ्यांबद्दल मला खूप आदर आहे; त्यांनी हजारो बाळं वाचवली आहेत. पण सर्जनला दोन्ही बाजूंनी उभं राहता येत नसेल, किंवा त्याच दिवसांत वॉर्डात जंतुसंसर्गाची साथ असेल, तर तिथे छाती उघडू नये. सर्जन बाहेरून येणार असतील तर हरकत नाही, मुंबईत ही पद्धत रुळलेली आहे. पण त्यांची सिस्टर आणि त्यांची उपकरणंही सोबत यायला हवीत, आणि त्या एनआयसीयूत त्यांनी हे आधी केलेलं असायला हवं.

आणि पीडीएव्यतिरिक्त काही असेल तर सगळंच गणित बदलतं. महाधमनी अरुंद असेल किंवा हृदयाच्या मोठ्या वाहिन्या अदलाबदल झालेल्या असतील, तर पीडीए बंद करणं जिवावर बेतू शकतं. अशा बाळांत प्रोस्टाग्लँडिन देऊन तो उघडा ठेवावा लागतो. म्हणून ऑपरेशनआधीचा इको बालहृदयरोगतज्ज्ञांनीच केलेला हवा. हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर करायचं ऑपरेशन थिएटरमध्येच होतं, तिथे दुसरा पर्याय नाही. त्यासाठी रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यावं लागतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या मेंदूला ते धोक्याचं असतं. शक्य असेल तिथे बाळ दोन-सव्वादोन किलोचं होईपर्यंत वाट पाहण्याचा प्रयत्न त्यासाठीच असतो.

अजून एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून पीडीएत छोटं बटण बसवता येतं. 2019मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पिकोलो नावाच्या बटणाला 700 ग्रॅम आणि त्यावरच्या बाळांसाठी मान्यता दिली. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक ठिकाणी त्यासाठी बाळाला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा नळ्या घालण्याच्या खास खोलीत, न्यावं लागतं, म्हणजे हलवण्याचा प्रश्न पुन्हा येतोच. पण अनुभवी हातांत हे झटपट होतं, आणि काही ठिकाणी इकोच्या आधाराने बाळाच्या पलंगापाशीही करतात. खर्च मोठा असतो. नळीचा आकार बटणाला योग्य आहे का, हे बालहृदयरोगतज्ज्ञच सांगू शकतील.

आता हॉस्पिटल बदलण्याबद्दल. सध्याच्या ठिकाणी अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रात्रीची टीम असेल, तर मी माझ्या घरातलं बाळ हलवणार नाही. यातलं काही एक जरी कमी असेल, तर ऑपरेशनच्या आधी, बाळ स्थिर असताना हलवावं; बिघडल्यावर हलवणं सगळ्यात वाईट. परळचं वाडिया बालरुग्णालय, हाजीअलीचं एसआरसीसी, अंधेरीचं कोकिलाबेन इथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात. पण नाव मोठं म्हणून गाडी काढू नका. त्या दिवशी 900 ग्रॅमच्या बाळासाठी व्हेंटिलेटरसह जागा आहे का, हे तुमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलून पक्कं करायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना निघण्याआधीच विचारा.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर, व्हेंटिलेटर, आणि नवजात बाळांना ट्यूब घालता येणारे डॉक्टर हवेतच. ऑक्सिजनचं सिलिंडर आणि ड्रायव्हर एवढ्यावर हे बाळ जाऊ शकत नाही. ठाणे ते परळ पहाटे पाऊण तासाचं अंतर संध्याकाळी दोन तासांचं होतं. जोराचा पाऊस असेल तर परळजवळच्या हिंदमाताला पाणी भरलंय का ते विचारूनच निघा. मी स्वतः तिथे एका बाळासोबत अडकले आहे, आणि बॅटरीचा आकडा उतरताना पाहिला आहे.

घरात पुन्हा कुणाला दिवस राहिले तर लक्षात ठेवा: 18 ते 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाची शंका आली किंवा अकाली प्रसूतीचा धोका दिसला, तर आईनेच आधी अशा हॉस्पिटलात जावं, जिथे प्रसूती आणि नवजात बाळांची सोय एकाच आवारात आहे. परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि बालरुग्णालय शेजारी शेजारी आहेत, त्याचा फायदा मी कितीतरी बाळांत पाहिला आहे. पोटातल्या बाळाला मुंबईचा ट्रॅफिक लागत नाही.

तुमच्यासाठी आजचं काम: इकोचा नुसता कागदी रिपोर्ट नको, त्याचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागून घ्या. मेंदूच्या सोनोग्राफीचा ताजा रिपोर्ट आणि बाळाचा रक्तगटही. दुसऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञांचं मत त्या व्हिडिओवरून मिळू शकतं, बाळाला वॉर्मरवरून उचलावं लागत नाही. आणि ताईंना सांगा, दूध काढणं थांबवू नका. ऑपरेशनच्या दिवशी बाळाला दूध बंद असेल, पण त्यानंतर थेंबाथेंबाने सुरू होईल, आणि तेव्हा ते तिचंच हवं. ऑपरेशनच्या आधी सिस्टरना विचारून तिला हात धुऊन आत जाऊ द्या. तळहात बाळाच्या डोक्यावर नुसता ठेवायचा, हलवायचा नाही. बहुतेक एनआयसीयूत त्याला हरकत नसते, फक्त आई विचारायला घाबरते.